मोळीची गाठ: वाळवा तालुक्यातल्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतलं आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. मी या भागातल्या प्राथमिक शिक्षकांबरोबर काम करते आणि त्या वर्षी या शाळेत माझं जाणं-येणं होतं. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचं किंवा कुणाचंच नाव देत नाही.

बाईंच्या मनातला प्रश्न सरळ होता. मुलांनी एकमेकांना मदत करावी आणि त्यातून वर्गात सगळ्यांनाच बरं वाटावं, यासाठी काय करायचं? वर्षभरात जे हाती लागलं ते मात्र मदत करणाऱ्या मुलांपेक्षा मदत घेणाऱ्या एका मुलीबद्दल जास्त होतं. तेच मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ताऱ्यांचा तक्ता

महाराष्ट्रात प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात मूल्यशिक्षण आलं 1997 साली. परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा हे तेव्हापासून चालू आहेच. बाईंचं म्हणणं असं की, मुलं ‘परोपकार’ या विषयावर पाच वाक्यं घडाघडा बोलतात आणि खाली बसताना शेजारच्याला कोपर मारतात. बोलण्याऐवजी काहीतरी करायला हवं. म्हणून जूनमध्ये त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. प्रत्येकाच्या नावापुढे चौकटी. कुणी चांगलं काम केलं की एक चमकता तारा. शनिवारी ज्याचे तारे जास्त, त्याला पेन्सिल.

सुरुवातीचे आठवडे सुरेख गेले. पाण्याच्या बाटल्या भरून यायच्या, चपला ओळीत लागायच्या, पहिलीच्या मुलांचा हात धरून कुणीतरी त्यांना नळावर न्यायचं. गणपतीच्या सुमारास चित्र बदलू लागलं. चौथीतल्या एका मुलानं मित्राचं खोडरबर दप्तराखाली सरकवलं, तो रडकुंडीला आल्यावर शोधून दिलं आणि तारा मागितला. पहिलीच्या मुलाची बाटली कोण भरणार यावरून दोघं इतके ओढाताण करत होते की बाटली फुटली. बाई फळ्यावरचं गणित अजून समजावून सांगत असतानाच मॉनिटर डस्टर घेऊन उभा! आणि रोज सकाळी लवकर येऊन व्हरांडा झाडणाऱ्या दोन मुलींच्या चौकटी जवळपास रिकाम्या होत्या. त्यांचं झाडणं कुणालाच ‘चांगलं काम’ वाटलं नव्हतं. ते रोजचंच होतं ना.

या शेवटच्या गोष्टीपाशी मला थांबावंसं वाटतं. आपल्याकडे मुलींना मदत शिकवावी लागत नाही, ती त्यांच्याकडून गृहीत धरलेली असते. त्यामुळे ‘मुलांना मदत करायला शिकवू या’ असा कुठलाही उपक्रम सुरू करायच्या आधी वर्गात आत्ता कोण काय करतं आहे हे दोन-चार दिवस नीट पाहायला हवं. नाहीतर आपण मुलग्यांच्या एका बाटलीचं कौतुक करतो आणि मुलींचा झाडू आपल्याला दिसतच नाही.

बक्षिसाबद्दल वार्नेकेन आणि टोमासेलो या दोन अभ्यासकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बाईंना मी सांगितला. वीस महिन्यांची मुलं. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली की ती उचलून द्यायची. काही मुलांना दर वेळी छोटं बक्षीस मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर, ज्यांना ते मिळत होतं ती मुलं इतर दोन गटांतल्या मुलांपेक्षा कमी वेळा उठली. म्हणजे इतक्या लहान वयात मूल आपणहून उठतं, आणि बक्षिसानं ते उठणं मंदावू शकतं. बाईंनी ऐकून घेतलं. तक्ता मात्र लगेच काढला नाही. मुलांना त्याची सवय झाली होती, आणि एकदा दिलेला शब्द मोडायचा नाही हेही त्यांना शिकवायचं होतं. तो दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठेवायचा असं ठरलं. प्रत्यक्षात सुट्टीनंतरही तो काही दिवस भिंतीवर राहिला, आणि तेवढ्यातच टोळी आली.

टोळी आली

कारखान्यांचे बॉयलर पेटले की आपल्याकडे बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. शाळेपासून हाकेच्या अंतरावर खोप्या पडल्या आणि एका सकाळी नऊ वर्षांची एक मुलगी तिसरीच्या वर्गाच्या दारात उभी राहिली. कडेवर तीन वर्षांचा भाऊ. शिक्षण हक्क कायद्यानं वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, तसं बाईंनी बसवलं. भाऊही शेजारी बसला.

वर्गाला एकदम मोठंच काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिला पेन्सिली मिळाल्या, शार्पनर मिळालं, एकीनं घरून जुना फ्रॉक आणला, खिचडीच्या वेळी कुणी आपला लाडू तिच्या ताटात टाकला. मुलांच्या मनात माया होती, यात मला शंका नाही. पण भिंतीवर तक्ताही होता, आणि प्रत्येक पेन्सिलीमागोमाग एक हात वर होत होता: “बाई, मी तिला दिली.”

एका दुपारी शाळा सुटल्यावर बाईंना तिच्या बस्करपट्टीवर पेन्सिली दिसल्या. सगळ्या एका रेषेत, टोकं एकाच दिशेला, जपून मांडून ठेवलेल्या. दप्तरात तिनं फक्त स्वतःची, बोटाएवढी उरलेली पेन्सिल नेली होती. दुसऱ्या दिवसापासून ती दाराजवळ बसू लागली. खिचडी घ्यायची आणि भावाला घेऊन आडोशाला जायची. तिच्या बोलण्यात ‘कामून’ (म्हणजे ‘का’) आलं की पोरं हसायची, त्यामुळे बोलणंही बंद झालं.

बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “समदे मलाच द्यायलेत. माझं कुणी कायबी घेईना.”

या दोन वाक्यांत सगळं प्रकरण आहे. घरी तिच्यावर विसंबून असणारी माणसं होती. ती चुलीवर भाकरी टाकते, भावाला सांभाळते, पहाटे आईबरोबर उठते. घरात तिच्यावाचून कुणाचं चालत नाही. आणि वर्गात ती एकाएकी सगळ्यांची ‘बिचारी’ झाली होती. मदतीचा उपक्रम चालू असलेल्या वर्गात सगळ्यात जास्त मदत मिळणारं मूल सगळ्यात एकटं पडलं होतं.

आधी मोठ्यांचं काम

इथे बाईंनी जे पहिलं पाऊल उचललं ते मला सगळ्यात योग्य वाटतं. वर्गातल्या काही मुलींनी सुचवलं होतं की तिच्या भावाला आपण आळीपाळीनं सांभाळू. सूचना गोड होती, दोन दिवस तसं चाललंही. पण तीन वर्षांच्या मुलाला सांभाळणं हे तिसरीच्या मुलींचं काम नाही, मग त्या कुणीही असोत. बाई गावातल्या अंगणवाडी सेविकाताईंकडे गेल्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहेच, स्थलांतरित कुटुंबाच्या मुलालाही तिथे जागा असते. आईला भेटायला त्या संध्याकाळी खोपीवर गेल्या. आईला धास्ती होती की पोरगं बहिणीला सोडून राहणार नाही. पहिले काही दिवस ते रडलं, मग रमलं.

मुलांना मदत शिकवताना ही रेघ स्पष्ट हवी. शाळेची, ग्रामपंचायतीची, पालकांची जबाबदारी मुलांच्या चांगुलपणावर ढकलायची नाही. आणि ज्या मुलीचं बालपण आधीच दुसऱ्याला सांभाळण्यात चाललं आहे, तिला ‘इतरांना मदत कर’ असा धडा देण्याआधी तिला हात मोकळे ठेवून लंगडी खेळायला मिळालं पाहिजे. भाऊ अंगणवाडीत गेल्यावर पहिल्यांदा ती मधल्या सुट्टीत पळाली. तेही तिच्या स्वास्थ्याचंच काम होतं.

बदललेली रीत

मग तक्ता उतरला. त्याच्या जागी दुसरा लावला नाही. बाईंनी मुलांना सरळ सांगितलं की ताऱ्यांमुळे आपलं लक्ष माणसाऐवजी भिंतीकडे जायला लागलंय, आता तारे बंद. दोघं-तिघं रुसले, मॉनिटर तर दोन दिवस बोलला नाही.

नव्या रीतीचा सांगाडा बाईंनी आणि मी एका अभ्यासावरून उचलला. कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये 19 वर्गांतल्या 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर तो झाला होता, 2012 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांनी चार आठवडे, दर आठवड्याला तीन चांगली कामं करायची. कुणासाठी आणि काय, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. बाकीच्यांनी आठवड्यात तीन आवडत्या ठिकाणी जायचं. दोन्ही गटांतल्या मुलांना पूर्वीपेक्षा बरं वाटायला लागलं. पण ज्यांनी दुसऱ्यांसाठी काही केलं होतं, त्यांच्याबरोबर काम करायला वर्गातली जास्त मुलं तयार झाली. मला यातला ‘आपलं आपण ठरवायचं’ हा भाग मोलाचा वाटतो. सक्तीची मदत ही कामाची वाटणी असते. तीही शाळेत लागते, पण तिनं मन भरत नाही.

तर सोमवारी प्रत्येकानं मनाशी तीन कामं ठरवायची आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायची. कुणाला दाखवायची नाहीत. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी चित्र काढायचं. मदत करायला जाताना आधी विचारायचं, “करू का?” समोरचा ‘नको’ म्हणाला तर मागे फिरायचं, राग धरायचा नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. ‘नको’ ऐकून परत फिरण्याचा सराव वर्गात छोट्या नाटुकल्या करून घ्यावा लागला. एकजण दप्तर उचलायला जातो, दुसरी म्हणते नको, पहिला कसा उभा राहतो, तोंड कसं करतो, हे पाहून मुलं खूप हसली, आणि त्यातूनच शिकली.

सगळ्यात मोठा बदल शुक्रवारच्या शेवटच्या तासाचा. आधी मदत करणारा हात वर करायचा. आता मदत मिळालेल्यानं बोलायचं: या आठवड्यात मला कुणाचा उपयोग झाला? वस्तू लपवून शोधून देण्याचा धंदा एका झटक्यात बंद पडला, कारण ज्याची लपवली तो काही तुमचं नाव घेणार नाही. आणि आजवर न दिसलेलं दिसायला लागलं. दुसऱ्याच शुक्रवारी एका मुलानं सांगितलं की मी सकाळी येतो तेव्हा व्हरांडा स्वच्छ असतो, मला तिथं बसून गोट्या खेळता येतात. झाडणाऱ्या दोघींनी माना खाली घातल्या, पण चेहरे फुललेले. त्यानंतर बाईंनी झाडण्याची पाळी मुलग्यांनाही लावली. ती उपक्रम म्हणून नव्हे, न्याय म्हणून.

पेन्सिलींसाठी खिडकीत एक डबा आला. ज्याच्याकडे जास्त आहेत त्यानं टाकायच्या, ज्याला हव्यात त्यानं घ्यायच्या, कुणी विचारायचं नाही. बस्करपट्टीवर रेषेत मांडलेल्या पेन्सिली त्या मुलीनं स्वतः उचलून डब्यात टाकल्या. त्या आठवड्यात मॉनिटरनं त्यातलीच एक घेतली.

मांडव

तरीही ती शुक्रवारी गप्पच असायची. घेण्यातला संकोच कमी झाला होता, पण देण्यासारखं आपल्याकडे काही आहे असं तिला या शाळेत वाटत नव्हतं.

परसबागेत घेवड्याचे वेल वर चढायला लागले होते. मुलांनी बांबूच्या काठ्या रोवल्या, आडव्या काठ्या बांधायला घेतल्या आणि सुतळी संपली. सर म्हणाले, उद्या आणू. ती कडेला उभी राहून बघत होती. काही न बोलता कुंपणापलीकडे गेली, फडाच्या बांधावरून हिरवं वाढं घेऊन आली. उसाच्या शेंड्याची ती लांब पाती. चार पाती एकत्र धरली, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दोन्ही तळव्यांत पीळ दिला. मग दुसरी चार पाती त्यात गुंतवून पीळ पुढे नेला. दोर झाला. तो काठीभोवती टाकला, टोकं एकमेकांवरून फिरवून आत खुपसली, गुडघा टेकवून आवळलं. गाठ मारलेली दिसतच नव्हती. मॉनिटरनं काठी गदागदा हलवली. सुटेना.

“हे कसं केलंस?” त्यानं विचारलं.

“मोळी बांधायची गाठ आहे ही. आय बांधती.”

“मला दाखव ना.”

त्याचं वाढं पहिल्यांदा तुटलं, कारण त्यानं वाळकं घेतलं होतं. तिनं ते फेकून दिलं आणि हिरवं हातात दिलं. दुसऱ्यांदा पीळ उलटा गेला. तेव्हा तिनं त्याचे दोन्ही हात धरून फिरवले. ज्या मुलांच्या घरचा ऊस दरवर्षी तोडला जातो, ज्यांनी हजारो मोळ्या गाडीत भरताना पाहिल्या आहेत, त्यांतल्या एकालाही ती गाठ येत नव्हती. तास संपला तरी वर्ग बागेतच होता आणि बाईंनी घंटेकडे दुर्लक्ष केलं.

त्या शुक्रवारी चार-पाच मुलांनी तिचं नाव घेतलं. पुढच्या सोमवारी तिनं वहीच्या मागच्या पानावर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. बाईंनी ते वाचलं नाही. तसा नियमच होता.

साताऱ्या-सांगलीत ही गोष्ट नवी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी स्वतःचे दागिने दिले हे आपण कौतुकानं सांगतो. पण त्या वसतिगृहातली मुलं स्वयंपाकापासूनची कामं स्वतः करत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत, याचं शैक्षणिक मोल आपण कमी बोलतो. तिथे येणारं प्रत्येक मूल गरजू होतं, तरी नुसतं घेणारं कुणी नव्हतं. ‘कमवा आणि शिका’ यामागे पैशाची अडचण होती तशी माणसाच्या मानाची समजही होती.

पालकांची सभा

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका वडिलांनी हरकत घेतली. पोरं शाळेत झाडतात, मांडव बांधतात, मग शिकतात कधी? शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी कोण करून घेणार? काळजी खरी होती आणि बाईंनी ती झटकली नाही. शुक्रवारचा तास भाषेचा आहे, मुलं त्यात चार माणसांसमोर उभं राहून बोलतात, ऐकतात, सोमवारी लिहितात. हे सगळं भाषेतच मोडतं, असं त्यांनी वह्या दाखवून सांगितलं. चौथीतला वाचनात मागे असलेला एक मुलगा रोज पहिलीच्या दोघांना गोष्ट वाचून दाखवतो आणि त्यासाठी आदल्या दिवशी घरी तीच गोष्ट दोनदा वाचतो, हे त्याच्या आईनंच उठून सांगितलं.

मग एका मुलाची आई बोलायला उभी राहिली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्यांचं कुटुंब छावणीत होतं. लोकांनी भरभरून आणून दिलं, त्या म्हणाल्या, कपडे, बिस्किटं, भांडी. पण रांगेत उभं राहून घेताना घास गिळवत नव्हता. तिसऱ्या दिवशी छावणीतल्या बायकांनी चुली मागून घेतल्या, भाकरी थापायला बसल्या, तेव्हा कुठे जीव ताळ्यावर आला. “त्या पोरीला तसंच झालं असणार,” एवढं बोलून त्या बसल्या. हरकत घेणारे वडील यावर काही बोलले नाहीत. शेतातल्या पैऱ्याचा, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबण्याचा, विषय निघाला आणि एक आजोबा म्हणाले, पैऱ्यात एकच घर नुसतं घेत राहिलं तर त्या घरच्या माणसाला मान वर करता येत नाही.

पैऱ्याची आठवण नेमकी होती, पण वर्गात तो हिशोब जसाच्या तसा आणू नये असं मी बाईंना सुचवलं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, हे मोठ्यांना ठीक. मुलांमध्ये परतफेड त्याच माणसाला, तेवढीच, लगेच झाली पाहिजे असा आग्रह धरला की पुन्हा तक्ताच होतो. ज्यानं पेन्सिल घेतली त्यानं गाठ शिकवली, ज्यानं गाठ शिकली त्यानं पहिलीच्या मुलाला गोष्ट वाचली. एवढी फिरती राहिली की पुरे.

काय बदललं, काय राहिलं

बाईंनी दोन वेळा मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या: खिचडीला कुणाशेजारी बसायला आवडेल, तीन नावं. चिठ्ठ्या फक्त त्यांनी वाचल्या आणि फाडून टाकल्या. नोव्हेंबरात तिचं नाव एकाही चिठ्ठीत नव्हतं. फेब्रुवारीत ते अनेक चिठ्ठ्यांत होतं, मॉनिटरच्याही. एका वर्गावरून मोठा दावा करायचा नाही, पण शिक्षकाला स्वतःच्या वर्गाची नाडी कळायला ही चिठ्ठी उपयोगी आहे. मुलांना परस्परांची नावं कळू न देण्याची काळजी मात्र घ्यायलाच हवी.

‘कामून’ वरचं हसणं पूर्ण थांबलं नाही. खोडरबर लपवणारा मुलगा शुक्रवारी आपलं नाव येत नाही म्हणून हिरमुसायचा. त्याच्यासाठी बाईंनी वेगळा वेळ काढला, आणि मला वाटतं तो अजून काढावा लागेल. घरी त्याच्याकडे कुणी पाहतच नाही, हे हळूहळू बाहेर आलं. अशा मुलाचा प्रश्न मदतीच्या उपक्रमानं सुटत नाही, त्याला एका मोठ्या माणसाचं लक्ष हवं असतं.

पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, टोळी परत निघाली. बाईंनी मुलीच्या हाती शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड, दिलं आणि तिच्या गावच्या शिक्षकांसाठी सोबत एक चिठ्ठी जोडली. तिला वाचनात कुठे अडतं, गुणाकार कुठवर येतो, हे त्यात होतंच. शेवटी लिहिलं होतं: हिला वर्गात शिकवायला सांगा, ती चांगलं शिकवते.

यंदा बाईंनी शुक्रवारचा तास जूनपासूनच सुरू केला आहे, म्हणजे दिवाळीनंतर खोप्या पडतील तोवर वर्गाला ‘करू का?’ची सवय झालेली असेल. नवीन मूल आलं की पहिल्या आठवड्यात त्याला काही द्यायचं नाही, आधी त्याला काय येतं ते विचारायचं, असं चौथीच्या मुलांनी स्वतःहून ठरवलं आहे. सरांनी पहिली-दुसरीत चित्रांच्या वहीनं सुरुवात केली आहे. परसबागेत या वेळी सुतळी आणलेली नाही.